मुकी चढाई

पंचांची शिट्टी वाजली तेव्हा मी मध्यरेषा ओलांडून दोन पावलं आत गेले होते आणि माझ्या तोंडून ‘कबड्डी’मधला ‘क’सुद्धा बाहेर पडला नव्हता.

“नाखवा, दम!” पंच ओरडले.

मी तशीच उभी. ओठ मिटलेले. समोरच्या सात जणी वाकून माझ्या पायांकडे बघत होत्या. धरावं की सोडावं, त्यांनाही कळेना. पंचांनी मला मागे बोलावलं, समोरच्या संघाच्या पारड्यात एक गुण टाकला आणि चढाईही त्यांनाच दिली. दम न घालता आत शिरलं की नियमच तसा आहे. मी परत येऊन माझ्या जागेवर उभी राहिले.

“बरं नाही का तुला?” शेजारून इंदूने विचारलं.

“बरंय.”

“मग काय झालं?”

“आत्याचा डोळा काढला आज,” मी म्हटलं.

इंदू वाकून आपल्या कोपऱ्यावर सरकली. तोवर समोरची चढाईला आत आली होती.

संघ आमचा कंपनीचा. गावात कोणी तिचं पूर्ण नाव घेत नसे, नुसतं ‘कंपनी’ म्हणत. खाडीच्या काठाला तिच्या चिमण्या उभ्या राहिल्या तेव्हा मी शाळेत होते. मी जयवंती नाखवा, कोंढरीच्या कोळ्याची पोर. आई-बाप लहानपणीच गेले. नामी आत्याने डोक्यावर मासळीची टोपली घेऊन गावोगाव फिरून मला वाढवलं. शाळेत कबड्डी बरी खेळायचे, चढाईला पाय हलका होता, म्हणून कंपनीने घेतलं. कागदावर पॅकिंग खात्यात, खरं काम मैदानात. आणि तेही कंत्राटावर. आम्ही सगळ्याच कंत्राटी होतो, आणि सगळ्याच कायम व्हायची वाट बघत होतो. इंदू साळवी आमची कप्तान, चिपळूणची. नवरा गेल्यावर सासू आणि शाळेतली मुलगी अशा दोघी तिच्या पगारावर होत्या. डाव्या कोपऱ्यावर खेळायची. तिने घोटा धरला की भल्याभल्यांची सुटका नसे. अलका सगळ्यांत लहान. वसतिगृहात तिची खाट माझ्या खाटेला लागून. रात्री वीज गेली की ती माझा हात धरून झोपायची.

त्या वर्षी कंपनीने खाडीत सांडपाण्याचा नवा नळ सोडला. महिन्याभरात मासे पोटं वर करून काठाला लागायला लागले. बाजारात कोंढरीची मासळी म्हटलं की गिऱ्हाईक टोपलीवरचं फडकं परत टाकायचं. शेवटी गावच्या बायकांनी ती मेलेली मासळी टोपल्यांत भरली आणि कंपनीच्या फाटकासमोर नेऊन ओतली. पोलीस आले. लाठ्या चालल्या. बाकीच्या पळाल्या, आत्या मात्र वाकून रिकामी टोपली उचलत होती. टोपली तिची, ती कशी टाकेल? लाठी डोळ्यावर बसली.

मी तेव्हा त्याच फाटकाच्या आत होते. मैदानावर सराव चालू होता. ओरडा कानावर येत होता. खेळ शिकवणारे मास्तर म्हणाले, “लक्ष खेळात ठेवा.”

आणि चारच दिवसांनी कंपनीच्या चषकाचे सामने सुरू झाले.

पहिल्या सामन्यातली ती चढाई मी ठरवून केली नव्हती. शब्द फुटलाच नाही. पण उत्तरार्धाला मी पुन्हा आत गेले, पुन्हा ओठ मिटून, तेव्हा मात्र ठरवून गेले. कंपाउंडच्या भिंतीवर कोंढरीची पोरं बसली होती. त्यांच्यातून कोणीतरी ओरडलं, “नामीची पोर हाय ती!” आणि खुर्च्यांवरचे, जमिनीवर बसलेले, सगळे कामगार एकदम गप्प झाले. फाटकासमोर काय झालं ते त्यांना ठाऊक होतं. त्याबद्दल कारखान्यात कोणी चकार शब्द काढत नव्हतं. आता ते भर मैदानात त्यांच्यासमोर उभं होतं.

बाकीच्या चढाया मी जीव तोडून केल्या. सामना आम्ही जिंकलो.

दुसऱ्या दिवशी कारखानीस साहेबांनी बोलावलं. ते कामगार कल्याण अधिकारी, खेळाचं खातंही त्यांच्याकडे. मवाळ माणूस. कोणावर आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही.

“बस ना,” ते म्हणाले. “खेळाडूने उगाच उभं राहू नये. आत्याचं फार वाईट वाटलं. मी स्वतः सिव्हिलला फोन केला होता.”

मी बसले.

“मी तुला मनाई करायला बोलावलेलं नाही,” ते म्हणाले. “मनाई केली की उद्या वर्तमानपत्रात येतं, आणि मला विचारशील तर ती बरोबरही नाही. राग आलाय, तर बोलावं माणसाने. गावात सभा घे. रजा टाक, फाटकासमोर बस. मी कोणाला काही म्हणणार नाही. पण मैदानात तू कामावर असतेस.”

“कामगार काम बंद ठेवतात की, साहेब.”

“ठेवतात. त्यांचा पगार जातो. त्यांचा स्वतःचा. तुझ्या मुक्या चढाईने गुण जातो तो कोणाचा?”

मी खुर्चीच्या कडेला सरकले.

“सात जणींचा जातो. बाकीच्या सहा जणींनी तुला सांगितलंय का, की आमचाही गुण घालव म्हणून?” त्यांनी चष्मा काढून पुसला. “मैदानात तुझा दम तुझा नसतो, जयवंती. कंपनीचा असतो.”

“आणि खाडी कोणाची, साहेब?”

ते हसले. चिडले नाहीत. “खाडी सरकारची,” ते म्हणाले, आणि माझ्यासाठी चहा मागवला.

उपांत्य सामन्यात मी पुन्हा दोन्ही डावांची पहिली चढाई मुकीच केली. या वेळी भिंतीवर नुसती पोरं नव्हती, बायकाही होत्या. मी रेषा ओलांडली तशा त्या उभ्या राहिल्या. कोणी घोषणा दिली नाही, नुसत्या उभ्या. त्यांच्याकडे बघून मैदानातले काही कामगारही उठले. सामना आम्ही जिंकलो तो एका गुणाने. मैदानातून बाहेर येताना अलकाने माझ्याकडे पाहिलं नाही.

त्याच संध्याकाळी कारखानीस साहेब वसतिगृहावर आले. सोबत शिपायाच्या हातात श्रीखंडाचा डबा. आम्ही सगळ्या खाटांवर बसलो, ते दारात उभे राहिले.

“अंतिम सामन्याला चेअरमन येतायत मुंबईहून,” ते म्हणाले. “महिलांचा संघ ठेवावा की नाही, असा प्रश्न वर निघालाय. चषक राहिला तर तुम्हा सगळ्यांना कायम करून घ्या म्हणून मी शब्द टाकलाय. तो गेला, तर मला वर बोलायला तोंड राहणार नाही. समोर बँकेचा संघ आहे. त्यांना दोन गुण फुकट देऊन कोणी जिंकल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.” मग मला सोडून सगळ्यांकडे त्यांनी एकदा पाहिलं. “कसं खेळायचं ते तुम्ही आपापसात ठरवा. मी त्यात पडत नाही.”

ते गेल्यावर कितीतरी वेळ कोणी डबा उघडला नाही. मग इंदूनेच उघडला, सगळ्यांना वाढलं. मलाही वाढलं.

“फायनलला नको करूस,” ती म्हणाली.

“करणार.”

“त्याने आत्याचा डोळा परत येणार आहे का?”

“नाही.”

“नळ बंद होणार आहे?”

“माहीत नाही. पण गेल्या सामन्याला माणसं उठून उभी राहिली, इंदू. तू पाहिलंस ना? इतके दिवस कोणी मान वर करत नव्हतं.”

“ती उभी राहिली आणि घरी जेवायला गेली,” इंदू म्हणाली. “तू गावची आहेस. उद्या तुला काढलं तर आत्याच्या घरी जाशील, अर्धी भाकरी खाशील. मी कुठे जाऊ? अलका कुठे जाईल? तिचा बाप तिला कोणाच्या गळ्यात बांधायला बसलाय, तुला माहितेय.”

अलका खाली मान घालून वाटीतलं श्रीखंड बोटाने फिरवत होती.

“फक्त दोन चढाया,” मी म्हटलं. “बाकी सगळ्या चढायांत मी दुप्पट गुण आणीन. शप्पथ.”

“म्हणजे करणारच.”

“हो.”

“बरं,” इंदू म्हणाली. भांडली नाही. कोणीच भांडलं नाही. मला तेव्हा बरं वाटलं. वाटलं, मनातून पटलंय यांना. रात्री अलकाने स्वतःहून माझ्या केसांना तेल लावून दिलं.

सामन्याच्या दोन दिवस आधी सकाळी सराव होता. मास्तर चुन्याने रेषा आखून घेत होते, पलीकडच्या टोकाला. इंदू म्हणाली, “ये, चढाई कर. खरी. दम घालून.”

मी दम घालत आत गेले. उजवीकडे हूल दिली, डावीकडे वळले, आणि इंदूने घोटा धरला. ते नेहमीचंच होतं. मागून मांडीला मिठी पडली, कमरेला पडली, मी पालथी पडले. माझा दम सुटला. दम सुटला की पकड सोडतात. सरावात तर लगेच सोडतात.

कोणी सोडलं नाही.

“इंदू, सोड,” मी म्हटलं. तोंडात माती गेली होती. मी हाताने जमिनीवर थापट्या मारल्या. “अगं सोड, दम सुटला माझा!”

कोणीतरी माझ्या पाठीवर बसलं. दुसऱ्या पायावरही कोणीतरी बसलं. वजनावरून कळलं, ती अलका. इंदूने घोटा दोन्ही हातांत नीट धरून घेतला. पिळायच्या आधी ओलं धुणं धरतात तसा. मग तिने तो फिरवला. गुडघा जिकडे वळत नाही तिकडे. पहिल्यांदा जमलं नाही. तिने हात पुसले आणि पुन्हा धरला.

आवाज झाला. सगळ्यांनी ऐकला असणार, कारण माझ्याशिवाय कोणीच ओरडत नव्हतं.

इंदू उठली. अंगावरची माती झटकली आणि शांतपणे हाक मारली, “मास्तर, जयवंतीला लागलंय. स्ट्रेचर आणा.” अलका माझ्या तोंडापाशी बसून बोटाने दातांतली माती काढत होती. “झालं गं, झालं,” म्हणत होती. बाळंतिणीला म्हणतात तसं.

कंपनीच्या दवाखान्यात वेगळी खोली दिली मला. मुंबईहून हाडांचे डॉक्टर आणवले. ते म्हणाले, चालता येईल, पण धावणं विसरायचं. कारखानीस साहेब शहाळं घेऊन आले. “मैदानात झालं ना, मग ते कामावरच झालं,” ते म्हणाले. “सगळा खर्च कंपनीचा. तू काळजी करू नकोस.” त्यांचे डोळे खरोखर ओले होते.

अंतिम सामन्याचा जल्लोष मला खिडकीतून ऐकू आला. आमच्या मुलींनी बँकेच्या संघाला लोळवलं. चांगल्या आठ-नऊ गुणांनी. माझ्या दोन चढायांचे गुण त्यांना दिले असते तरी आम्ही जिंकलोच असतो. सामन्यानंतर चेअरमन खोलीत आले, चषक माझ्या पांघरुणावर ठेवला, फोटो काढला. इंदू माझ्या उशाशी उभी होती. फोटोत मी हसले नाही, पण बाकी सगळ्या हसत होत्या.

दुसऱ्या दिवशी नामी आत्या आली. डोळ्यावर पट्टी, डोक्यावरून पदर. बरोबर पांडू तांडेल. गावच्या लढ्याचा तो पुढारी, भला माणूस. लाठ्या त्यानेही खाल्ल्या होत्या. आत्याने माझ्या प्लास्टरवर हात ठेवला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही.

“माझा डोला घेतला, पोरीचा पाय घेतला,” ती म्हणाली. “अजून काय घ्यायचं बाकी हाय त्यांचं?”

“जया, उद्या हवालदार येल तुझा जबाब घ्यायला,” पांडू म्हणाला. “मी तालुक्याला तक्रार देऊन आलोय. वकीलही गाठलाय. तू एवढंच सांग, साहेबांनी करायला लावलं. दोन गोष्टी एकाला एक लागल्या की कंपनीला तोंड दाखवायला जागा नाय. नळाचं कामसुद्धा थांबेल. सगळं तुझ्या जबाबावर हाय.”

“सांगेल ती,” आत्या म्हणाली. “माझी पोर हाय.”

आणि मला तेच सांगायचं होतं. मलाही दुसरं काही वाटत नव्हतं. ती दोघं गेल्यावर मी वाक्यं मनात जुळवत पडले होते, तेवढ्यात इंदू आली. एकटीच. स्टूल ओढून बसली.

“साहेबांनी सांगितलं ना तुम्हाला?” मी विचारलं. “काय म्हणाले? जसंच्या तसं सांग.”

“काही नाही म्हणाले,” इंदू म्हणाली.

“खोटं नको बोलूस. आता तरी.”

“तू होतीस ना तिथे. आपापसात ठरवा म्हणाले. आम्ही ठरवलं. तू झोपल्यावर मागच्या पडवीत बसलो. मीच काढला विषय. सगळ्यांनी हात वर केला. अलकाने सगळ्यांत शेवटी केला, पण केला.”

मी कोपरावर उठायला गेले, पण प्लास्टरने खाली ओढलं.

“तू फायनलला गप्प राहिली असतीस तर त्यांनी तुला चेअरमनसमोर काढलं असतं,” ती म्हणाली. “तुला काढलं असतं आणि आम्हालाही. मी युनियनच्या सावंतांना विचारलं होतं, नाव न घेता. कामावर जखमी झालेल्या माणसाला काढता येत नाही म्हणाले. मैदानात तू कामावर असतेस, हे साहेबांनीच तुला सांगितलं होतं ना? तूच आल्यावर आम्हाला सांगितलंस. मग मैदानात पाय मोडला तर तो कामावर मोडला. तुला बसून काम देतील. पगार चालू राहील. जन्मभर.” ती थांबली. “घोट्यावर भागवायचं होतं. पण घोटा सहा महिन्यांत भरून येतो. तू परत उतरली असतीस.”

“इंदू,” मी म्हटलं, “तू मला विचारायचं तरी.”

“विचारलं होतं,” ती म्हणाली. “तू हो म्हणाली नाहीस.”

ती रडली नाही. माफीही मागितली नाही. उठताना म्हणाली, “उद्या काय सांगायचं ते तुझं तू बघ. साहेबांचं नाव घेतलंस तर ते सुटतील, त्यांनी खरंच काही केलेलं नाही. मागे आम्ही राहू. अलका एकोणीस वर्षांची आहे.” आणि पांघरूण माझ्या पायावर नीट करून गेली.

सकाळी हवालदार आला. आत्या आणि पांडू भिंतीशी उभे. दारात कारखानीस साहेब, हात मागे बांधून. हवालदाराने विचारलं, “कसं झालं?”

साहेबांचं नाव घेतलं असतं तर ते खोटं ठरलं असतं. पण माझ्या गावाला तेच हवं होतं आणि कदाचित नळही थांबला असता. इंदूचं नाव घेतलं असतं तर ते खरं ठरलं असतं, आणि सहा जणी पोलिसांच्या गाडीत बसल्या असत्या. अलकाचं बोट माझ्या तोंडातली माती काढत होतं ते माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

“घसरले,” मी म्हटलं.

“कोणी ढकललं? कोणी मुद्दाम?”

“नाही. सरावात पाय घसरला. कोणाचा दोष नाही.”

पांडूने कपाळावर हात मारला आणि तो बाहेर निघून गेला. कारखानीस साहेबांनी एक सुस्कारा सोडला. आत्या जवळ आली. वाकून तिने माझ्या चेहऱ्याकडे एका डोळ्याने पाहिलं. बाजारात मासळी ताजी की शिळी बघताना ती कल्ला उघडून बघायची, तशी.

“कितीला?” तिने विचारलं.

“आत्या…”

“कितीला दिलास पाय, सांग ना गो. मी भाव करणारी बाई हाय. मला कलू दे तरी.”

बोलायचं तर सगळं बोलावं लागलं असतं. ती वळली आणि गेली.

पुढच्याच महिन्यात आम्हा सगळ्यांना कायम केलं. मला टेलिफोनच्या खोलीत बसवलं. गावात ती बातमी माझ्याआधी पोहोचली, आणि ज्यांना शंका होती त्यांचीही फिटली. नळ चालूच राहिला. कोंढरीचा मोर्चा पुन्हा निघाला नाही. दोन वर्षांनी कंपनीने महिलांचा संघ बंद केला आणि मुलींना पॅकिंगमध्ये पाठवलं. अलकाने लग्न केलं, स्वतःच्या पसंतीने. इंदूच्या मुलीला कंपनीच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी लागली. कँटीनमध्ये इंदू आणि मी समोरासमोर बसून डबा खात असू. वीस वर्षं खाल्ला. एकमेकींना भाजी वाढली. त्या गोष्टीबद्दल पुन्हा एक अक्षर बोललो नाही.

आत्या पुढे बरीच वर्षं जगली. दर नारळी पुनवेला मी तिच्याकडे जायचे. तिने मला कधी हाकललं नाही. पाट मांडायची, गरम गरम वाढायची, ‘अजून घे’ म्हणायची. घरात आलेल्या परक्या बाईला वाढतात तसं. बोलायची ती शेजारणीशी. मी जेवून हात धुतले की दाराकडे बघून विचारायची, “कंपनीची गारी आलीय का न्यायला?”

मी एसटीने यायचे. फाट्यापासून तिच्या घरापर्यंत चढ आहे. माझ्याने तो एका दमात होत नसे, मध्ये दोनदा खाली बसावं लागे, गुडघा धरून. ती ओट्यावर बसलेली असायची. तिला वरून सगळं दिसायचं.